माफीची रेघ

निलेशने तात्यांना फसवलं, आणि फसवलं मी असं तात्यांना सांगितलं. एवढंच झालं. सांगायला एक ओळ पुरते. पुढे जे येईल तो झेंडूचा वास आहे आणि ऑक्टोबरचं ऊन आहे. त्यांच्यावाचून ही ओळ मला कधी आठवतच नाही, त्याला मी काय करू.

परवापासून झेंडू यायला लागला. चाकणच्या रस्त्यावर एरवी कंटेनर एकमेकांच्या शेपट्या धरून उभे असतात. तिथे आता कडेला टेम्पो लागले आहेत, ताडपत्रीवर नारिंगी आणि पिवळे ढीग पडले आहेत, आणि त्या ढिगांवर कंपनीच्या बसगाड्यांनी उडवलेली धूळ हळूहळू बसते आहे. मी गाडी थांबवली. विकणारी बाई खेडकडची होती. भाव विचारला, सवयीने तोंड वाकडं केलं, सवयीने गाडीकडे वळलो. आता ती हाक मारणार, मग मी थांबणार, मग आमची खरी बोलणी सुरू होणार; आयुष्यभर हेच करत आलो. पण दाराला हात लावला तोच वाऱ्याबरोबर तो कडवट, हिरवट वास नाकात शिरला आणि माझी सगळी हौस गेली. परत फिरलो आणि तिने सांगितलेल्या पहिल्याच भावात फुलं घेतली. तिला ते काही बरं वाटलं नाही. "बरं न्हाई का दादा?" तिने विचारलं.

बरं नव्हतंच. या दिवसांत मला बरं नसतं.

गणपती गेले की दसऱ्यापर्यंतचे जे दिवस असतात त्यांना पंचांगात वेगवेगळी नावं आहेत. आमच्या पट्ट्यात मात्र तो एकच ऋतू आहे, मागणीचा. लोक दसरा-दिवाळीला गाड्या घेतात, म्हणून मोठ्या कंपन्यांच्या लाइनी न थांबता धावतात, आणि त्यांच्यामागे भोसरी, चिखली, तळवडे, चाकणची छोटी वर्कशॉपं धापा टाकत पळतात. रस्त्याच्या अर्ध्या भागावर शेतकऱ्यांनी सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्या भागातून मालाचे टेम्पो जात असतात. ऊन असं पडतं की पत्र्याच्या शेडमध्ये मशीनला हात लावला तर चटका बसावा. संध्याकाळी वारा फिरला की मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास, कुठेतरी उपटलेल्या भुईमुगाचा ओला वास आणि सोसायट्यांतून दांडियाची गाणी, असं सगळं एकात एक मिसळून येतं. पूर्वी हा ऋतू मला फार आवडायचा. माझं आयुष्य याच दिवसांत उभं राहिलं होतं.

मी मूळचा गेज विकणारा माणूस. स्कूटरच्या डिकीत गेज आणि टूल भरून वर्कशॉपं पालथी घालायचो. गेज म्हणजे माप तपासायचा साधा दांडा. त्याचं एक टोक पार्टच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस, एवढंच. त्याला वशिला कळत नाही, घाई कळत नाही. मला ते आवडायचं. माझा स्वभाव तापट, तोंड फटकळ, आणि भाव करताना मी समोरच्याला घाम फोडायचो. पण विकत होतो ती वस्तू अशी, जिच्याशी कुणाला घासाघीस करता येत नाही.

तात्या माझं पहिलं गिऱ्हाईक. चाकणजवळच्या गावातलं शेतकरी घर. बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यात कांदा, आणि कांद्याच्या बांधाला लागून तात्यांची शेड. त्यात जुनी लेथ मशीनं आणि ब्रेकमध्ये बसणाऱ्या बुशचं, म्हणजे लोखंडी नळीच्या छोट्या तुकड्याचं काम. पहिल्या दिवशी मी गेजचा भाव सांगितला तेव्हा ते मोठ्याने हसले होते. "लेका, गेज इकतुयास का शेड?" त्यानंतर ते मला सुभ्याच म्हणत. माझं नाव सुभाष आहे हे त्यांना लग्नपत्रिकेवर वाचून कळलं असणार.

पुढे डिजिटल गेज आले, तारेने टॅब्लेटला जोडलेले, आणि मी ओळखलं की आता दांडा विकून भागणार नाही, त्या टॅब्लेटमधलं सॉफ्टवेअर विकलं पाहिजे. ते लिहिणारा मला निलेश भेटला. चऱ्होलीचा, जुन्या घरचा. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता टॉवर उभे आहेत. हुशार, गोरागोमटा, कधी आवाज न चढवणारा. आम्ही भागीदार झालो. मी ओरडायचो, तो हसायचा. ओरडणाऱ्यापेक्षा हसणारा माणूस लोकांना खरा वाटतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याची किंमत माहीत नव्हती.

आमचं ऑफिस चिखलीत, प्लायवूडच्या दुकानावर. वर चढताना जिन्यात डिंकाचा आणि भुश्शाचा वास यायचा. गुरुवारी वीज जायची. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, ती त्यामुळेच. पण आम्ही गुरुवारीही यायचो, खिडक्या उघड्या टाकून लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करायचो. हे सगळं घडलं त्याच वर्षी आमच्याकडे मृणाल आली होती. लातूरकडची, मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कमी बोलायची, पण बोलली की माघार नाही. ती आली आणि काही दिवसांतच म्हणाली की सर, आपल्या प्रोग्रॅमवर कुणाचं लक्षच नाही, एक तपासणारं हत्यार घ्यावं लागेल.

तिने मला समजावलं ते असं. प्रोग्रॅममध्ये असंख्य जागा असतात आणि प्रत्येक जागेत ठरलेलीच गोष्ट बसायला हवी. कुठे आकडा, कुठे नाव, कुठे तारीख. आकड्याच्या जागी नाव गेलं, किंवा जिथे काहीतरी हवंच तिथे काही नसलं, की घोटाळा. आणि आपण ज्या भाषेत लिहितो ती भाषा भिडस्त आहे. ती हटकत नाही. जागा रिकामी असली तरी ती तिला गुपचूप शून्य समजते आणि पुढे जाते. म्हणून हे हत्यार. ते प्रोग्रॅम चालण्याआधीच तो सगळा वाचून काढतं आणि कुठे काय चुकीचं बसतंय त्यावर बोट ठेवतं.

"म्हणजे गेज," मी म्हणालो.

"गेजच, सर. पार्ट बनायच्या आधी लावायचं."

तिथेच मला ती पोरगी पटली.

हत्यारं दोन होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं. मी नेहमीप्रमाणे बाह्या सरसावल्या, तर कळलं की दोन्ही फुकट. मी हताश झालो. ज्या वस्तूला भाव नाही तिची बोलणी करायची कशी? निलेश म्हणाला, भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला कुणीतरी हरवलं. तिघंही हसलो. ते हसू मला आठवतं. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेलं घटस्थापनेचं धुणं दिसत होतं, आणि खाली कुणीतरी प्लायवूड कापत होतं, त्याचा किंचाळता आवाज मध्येच थांबायचा आणि मग सगळं एकदम शांत व्हायचं.

मृणालने दोन लॅपटॉप शेजारी ठेवले. एकावर एक हत्यार, दुसऱ्यावर दुसरं, आणि दोघांपुढे आमचाच प्रोग्रॅम. पहिलं हत्यार समजूतदार. तुम्ही स्वतःहून जेवढं सांगाल तेवढंच ते तपासणार, जिथे गप्प बसाल तिथे तेही गप्प. त्याने थोड्या तक्रारी केल्या आणि थांबलं. दुसरं खाष्ट. तुम्ही सांगितलं नाही तरी ते स्वतः माग काढणार. त्याच्या पडद्यावर लाल ओळी सुरू झाल्या त्या थांबेचनात, टेम्पोतून टोमॅटो ओतावेत तशा वाहत राहिल्या. निलेशचा चेहरा उतरला. त्यातला बराचसा प्रोग्रॅम त्याच्या हातचा होता. तो म्हणाला की हे घरात घेतलं तर दिवाळी सोडा, होळीही आपण याच ओळी निस्तरत काढू. मृणालने दोन्ही पडद्यांवर एकच जागा उघडली. गेजकडून माप येतं ती.

"इथं माप आलंच नाही तर?" तिने विचारलं. "तार निघाली, गेजला तेल लागलं, बाईचा हात घसरला. हे पहिलं काहीच बोलेना. दुसरं काय म्हणायलंय बघा तरी."

दुसरं म्हणत होतं, इथे आकडा नसूही शकतो.

मी खाष्ट हत्यार घ्यायचं ठरवलं. माणसं निवडतानाही मी हेच केलं आहे. बायको निवडतानासुद्धा, असं बायको म्हणते.

आता प्रश्न उरला त्या लाल ओळींचा. मृणालचं म्हणणं, आधी सगळ्या दुरुस्त करू, मगच पुढे जाऊ. निलेशचं म्हणणं, मागणीचे दिवस आहेत, गिऱ्हाइकं थांबणार नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि असे दोघे समोर आले की माझ्यातला बोलणी करणारा जागा होतो. ती बोलणी कितीतरी दिवस चालली. चहावर, जिन्यात, गाडीत. शेवटी जो तोडगा निघाला तो आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कुणालाही लगेच कळेल. इथे निम्मं शहर परवानगीशिवाय उभं आहे. मग सरकार एक दिवस ठरवतं आणि म्हणतं, या दिवसापर्यंतचं जे बांधकाम आहे ते माफ, यापुढे मात्र एक वीटही नाही. आम्हीही तशीच रेघ मारली. आजवरच्या चुका हत्याराने जुन्या म्हणून बाजूला ठेवायच्या, त्यांच्यावर ओरडायचं नाही. सवडीने आम्ही त्या काढत जाऊ. आजच्या नंतरची चूक मात्र एकही आत येणार नाही. रेघ मागे सरकेल, पुढे कधीच नाही. ती सांभाळायचं काम निलेशने आपणहून मागून घेतलं.

तो सौदा चोख होता. मी पुष्कळ सौदे केले आहेत आणि त्यातल्या काहींची आठवण मला नको असते. पण हा चोख होता. आजही मी तसाच करीन.

निलेशच्या चऱ्होलीच्या घराला वर एक मजला आहे. मी तो बांधताना पाहिला आहे, सिमेंटच्या गोण्या मोजून उतरवताना त्याचे वडील उन्हात उभे होते. कागदावर तो मजला माफीच्या दिवसाआधीचा आहे. आमच्याकडे हे इतक्या घरांत झालं आहे की त्यात कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. नव्याला जुनं करता येतं, ही गोष्ट आमच्या पट्ट्यातला माणूस न शिकताच शिकलेला असतो.

खंडेनवमीला आम्ही ऑफिसात पूजा मांडली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक शेडमध्ये हत्यारं पुजतात; मशीनला हार, पान्यांना हळदकुंकू, व्हर्नियरला एक फूल. माझे जुने गेज मी पाटावर मांडले. मग मृणालने विचारलं की सर, नव्या हत्याराचं काय? त्याला ना अंग ना आकार. शेवटी तिने लॅपटॉप पाटाच्या शेजारी ठेवला, हत्यार चालू केलं, आणि पडद्यावर 'चूक नाही' अशी ओळ उमटली तेव्हा त्या ओळीखाली, बटनांच्या पट्टीवर, झेंडूचं एक फूल ठेवलं. ते फूल एका बटनावर टेकलं आणि पडद्यावर तेच अक्षर सारखं उमटत राहिलं. निलेश म्हणाला, बघा, देव बोलायला लागला.

तेवढ्यात जिन्यात तात्यांच्या वहाणा वाजल्या. दरवर्षी ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी यायचे. टोपी काढून नमस्कार केला, पाट निरखला आणि म्हणाले, "नवं हत्यार घेतलं म्हणत्यात. कुठंय?"

मी लॅपटॉप दाखवला.

"दिसत न्हाई, वाजत न्हाई, आन पूजा चालली हाय. मंग देवच म्हणायचा की ह्यो."

सगळे हसले. तात्यांना हसवायला आवडायचं आणि मग कोण कोण हसलं ते चोरून बघायलाही. मग ते खुर्चीवर टेकले, पेढा हातात तसाच धरला, आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांच्याकडे माप घ्यायला गावातल्या बायका बसायच्या. आमचं सॉफ्टवेअर तात्यांनी या बायकांसाठीच घेतलं होतं, डोळ्यांना जरा आराम म्हणून. आता मोठ्या कंपनीने काम वाढवून दिलं होतं, आणि तात्यांनी उरल्यासुरल्या कांद्याच्या तुकड्यावरही शेड वाढवायचं मनात घेतलं होतं.

"सुभ्या," ते म्हणाले, "मला ह्यातलं कळत न्हाई. तू सांग. चुकीचं फुडं जाऊ देत न्हाई ना हे?"

"नवीन चूक एकही जाणार नाही तात्या. माझा शब्द."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, खरखरीत हात. लेथवर काम केलेल्या माणसाच्या हाताला धुतल्यावरही लोखंडाचा वास राहतो. तो वास आणि त्या हाताला लागलेला झेंडू. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप होतो, आणि तरी त्या हाताखाली मला कुणीतरी घरी परत घेतल्यासारखं वाटलं.

तो माझा शब्द निलेशच्या हातात होता.

पुढचं मला नंतर मृणालकडून कळलं. दसरा झाला, दिवाळी जवळ आली. तात्यांच्या शेडमध्ये तार सैल झाली की टॅब्लेट अडून बसायचा आणि बायकांना तो बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. त्यांनी तक्रार केली. निलेशने घाईघाईत बदल केला: अडायचं नाही, पुढे जायचं. हत्याराने त्याला तिथेच अडवलं. तेच म्हणालं जे निवडीच्या दिवशी म्हणालं होतं, इथे आकडा नसूही शकतो. दुरुस्तीला थोडा वेळ गेला असता. निलेशने दुरुस्ती केली नाही. त्याने रेघ पुढे सरकवली. कालची नवी चूक आज जुनी झाली, माफ झाली, आणि हत्यार गप्प बसलं. एकदा जमलं म्हणून पुन्हा, मग पुन्हा. मृणाल त्या दिवसांत दिवाळीसाठी गावी गेली होती. पडद्यावर रोज 'चूक नाही' उमटत होतं.

आणि इकडे शेडमध्ये ज्या बुशचं माप आलंच नाही, त्याचा ठरलेल्या मापापासूनचा फरक आमची भिडस्त भाषा शून्य धरत होती. शून्य फरक म्हणजे सगळ्यात चांगला माल. न मापलेला बुश सगळ्यात चांगला ठरून हिरव्या पेटीत जात होता.

त्या बुशांमुळे मोठ्या कंपनीची लाइन थांबली तेव्हा तात्यांना बोलावणं आलं. आमच्या धंद्यात अशा वेळी माल पुरवणाऱ्याला आपली माणसं घेऊन गिऱ्हाइकाच्या आवारात जावं लागतं आणि आपलाच माल पेटीपेटीतून निवडून काढावा लागतो. मला कळताच मी गेलो. गेटवर आत सोडेनात, मी भांडलो, तेव्हा सोडलं. आवारात सावली नव्हती. सिमेंटच्या कोब्यावर गोणपाट टाकून त्या बायका बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन, एकेक बुश गेजला लावून बघत. त्यांच्यात तात्या बसले होते, तसेच, मांडी घालून. टोपी बाजूला काढून ठेवलेली. कंपनीची पोरं ये-जा करताना बघत होती. बाजूला तात्यांचा टेम्पो उभा होता आणि त्याच्या बॉनेटवर दसऱ्याचा हार अजून तसाच होता, वाळून काळपट झालेला.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसवणारा माणूस हसला नाही की त्याचा चेहरा ओळखू येत नाही. मी शेजारी बसलो आणि बुश निवडायला लागलो. फक्त बुश पेटीत पडल्याचे आवाज.

त्यानंतर तात्यांचं काम बंद झालं. तोंडी कुणी वाईट बोललं नाही. कंपनीच्या लोकांचा आवाज तर फार गोड असतो. आता त्या शेडमध्ये घरपोच सामान वाटणाऱ्या एका कंपनीचं गोदाम आहे. मशीनं गेली. बायका गेल्या, कुणी दुसऱ्या कंपनीत, कुणी घरी. कांद्याचा तुकडा पडीक आहे. त्या वाटेने गेलो तर खाकी खोक्यांचे ढीग दिसतात आणि मला उगाच कूलंटचा वास येतो, जो आता तिथे नाही.

मी निलेशच्या घरी गेलो तो त्याच वरच्या मजल्यावर बसला होता. दुपारची वेळ. खिडकीतून सगळीकडे टॉवरच टॉवर, मधे एका रिकाम्या रानात कुणीतरी अजून भुईमूग उपटत होतं. वाटेत मी खूप शिव्या जमवल्या होत्या. समोर आल्यावर एकच वाक्य निघालं. "रेघ कुणी हलवली?"

"मी," तो म्हणाला. चहा पुढे सरकवला. मग हसला, नेहमीसारखा. "एवढं काय त्यात, भाऊ. हा मजला नाही जुना झाला? कुणाचं काय बिघडलं?"

"या मजल्यावर तूच झोपतोस, निलेश. रेघ हलवून तू तिकडे चढवलास त्या मजल्यावर तात्या झोपले होते."

त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी आजवर गिळू शकलेलो नाही. तो म्हणाला की सैल करा म्हणून बोलणी तुम्हीच केली होती, आणि काल तात्यांना जाऊन मी तेवढंच सांगून आलोय. म्हणजे तो माझ्या आधी पोचला होता. शांत आवाजात, खाली मान घालून, पेढ्याचा पुडा घेऊन. सुभाषभाऊंनी भाव केला, म्हणाला असेल. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

आणि तात्यांना माझा स्वभाव माहीत होता. तेच तर झालं.

मी तसाच तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले. माझ्यासाठी ते कधी उठले नव्हते. "या सुभाषराव," ते म्हणाले, "बसा." आतून पाणी आलं, मग चहा आला, बशीसकट. मी सगळं सांगितलं. रेघ काय होती, कुणी सांभाळायची होती, कुणी हलवली. माझा आवाज चढला, मला तो आवरता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी मी मृणालला घेऊन गेलो. ती पोरगी त्यांच्यापुढे उभी राहून शांतपणे खरं तेवढंच बोलली. तात्यांनी तिची चौकशी केली, गाव विचारलं. ती चपला घालायला बाहेर गेली तेव्हा मला म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पर तुमच्या पगारावर हाय न्हवं."

आयुष्यभर मी पहिला भाव कधी खरा सांगितला नाही. गिऱ्हाईक दोन पायऱ्या उतरणार हे धरूनच सांगितला. आता एकदाच, एका माणसाला, मला खरा भाव सांगायचा आहे, ज्यात कमीजास्त काही नाही. आणि तो माणूस माझं बोलणं ऐकताना मनातल्या मनात दोन पायऱ्या उतरतो आहे. हे त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण रात्रंदिवस हे आत कुरतडतं.

मृणाल आता बंगळूरला असते. जाताना तिने ते हत्यार असं बसवून दिलं की रेघ एकट्या माणसाला हलवताच येणार नाही. धंदा लहान झाला, पण चालू आहे. ऑफिसात रोज सकाळी ती ओळ उमटते, 'चूक नाही', आणि मी ती बघतो आणि माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. तिचा यात काही दोष नसतो. ती बिचारी खरंच बोलत असते.

निलेश हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दर दसऱ्याला त्याचा फोनवर निरोप येतो. आपट्याच्या पानांचं चित्र, वर सोनेरी अक्षरं, सोनं घ्या. आमच्याकडे सोनं दिलं-घेतलं की मागचं भांडण मागे पडतं. तशी रीतच आहे, चांगली रीत आहे. तात्यांनाही तो हेच चित्र पाठवत असणार. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोराला लाज वाटत असेल. आता कळतं ते काय आहे. तो दरवर्षी रेघ पुढे सरकवतोय. यंदाचं गेल्या वर्षीत ढकलायचं, गेल्या वर्षीचं जुन्यात. आणखी थोडे दसरे गेले की जे त्याने केलं ते इतकं जुनं होईल की विचारणाराच वेडा ठरेल. तात्या थकले आहेत. ते कायम राहणार नाहीत, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

घेतलेला झेंडू पाण्याच्या बादलीत ठेवला आहे. उद्या पाट मांडीन, गेज मांडीन, लॅपटॉपजवळ फूल ठेवीन. परवा तात्यांकडे सोनं द्यायला जाईन. ते उठतील, दोन्ही हातांनी पानं घेतील, सुभाषराव म्हणतील, बशीतून चहा देतील. माझ्या डोक्यावर हात ठेवणार नाहीत.

निलेश, तुझं सोनं यंदा मी घेणार नाही. मला माफीचं चित्र नको आहे. परवा सकाळी मी तात्यांच्या ओट्यावर असेन. तू ये. टोपी घाल, पेढे आण, हवं तर हास. पण त्यांच्या डोळ्यांत बघून एवढंच सांग: रेघ कुणी हलवली?